भावाला विचारून कापलेला फणस

आमच्या परसातला फणस कोणी लावला नव्हता. आईने कधीतरी उकिरड्यावर आठळ्या टाकल्या, त्यातली एक रुजली, आणि कोणी उपटून टाकायच्या आत झाड माणसाच्या डोक्यावर गेलं. मी डी.एड. होऊन पलीकडच्या गावच्या शाळेत लागले, तोवर त्याचा बुंधा माझ्या कवेत जेमतेम मावायला लागला होता.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या बाजूला. वडील पोस्टात होते आणि गावची सत्यनारायणं, वास्तुशांतीही सांगायचे. धाकटा भाऊ शिकून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. मी लग्न केलं नाही. आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती. जायच्या आधी तिने घर आणि परस माझ्या नावावर केलं. भावाने आनंदाने सही केली, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. हे एवढं सविस्तर सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात घर कोणाचं हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी गणपती होऊन गेल्यावर तीन दिवस पाऊस आणि वारा होता. तिसऱ्या दिवशी पहाटे फणस मुळासकट कलंडला. न्हाणीचे पत्रे चेपले, बाकी कशाला धक्का लागला नाही. मी छत्री घेऊन त्याच्याभोवती फिरले. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर थोड्या वेळाने माझ्या मनात टेबल आलं. मी कोकणात एका मैत्रिणीकडे फणसाच्या फळ्यांची कपाटं पाहिली होती, मधाच्या रंगाची. आणि गेली पंचवीस वर्षं मी पोरांच्या वह्या मांडीवर पाट ठेवून तपासत आले होते. मास्तरीण असून घरात एक धड टेबल नव्हतं. म्हटलं, झाड पडलंच आहे तर त्याचं टेबल होईल. पाऊस थांबला की चौकशी करू.

तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी वळणावर आले, तर घराच्या दिशेने लाकूड कापायच्या मशीनचा आवाज. परसात टेम्पो लावलेला. आमच्या भागातला एक लाकडाचा व्यापारी, भावाच्या वर्गातला, तीन माणसं घेऊन आला होता. फांद्या केव्हाच टेम्पोत गेल्या होत्या. वरच्या खोडाचे दोन-दोन फुटांचे ओंडके करून चालले होते, जळणाला करतात तसे. पिवळाधमक भुसा सगळ्या चिखलावर पसरला होता.

मी ओरडले. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी सरळ मशीनवाल्याच्या समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याने ते बंद केलं.

व्यापारी म्हणाला, "आवो बाई, बाजूला व्हा. चेन तुटली तर डोळ्यात जाईल."

"कोणाला विचारून कापताय?"

"भाऊला. सकाळीच फोन केलता. भाऊ म्हणला, ने समदं, फकस्त ताईला अंगण साफ करून दे."

"घर माझं आहे."

"व्हय, तुमचंच हाय की. मी कुठं घर नेतोय?"

त्याची माणसं हसली. वर्गात चाळीस पोरांना मी एका नजरेत गप्प करते, स्वतःच्या परसात ही तीन माणसं हसत राहिली. मी दप्तराची पिशवी चिखलात ठेवली आणि उरलेल्या बुंध्यावर जाऊन बसले.

"बाई, उठा. अंधार पडायच्या आत उरकायचंय."

"नाही उठत."

त्याने लगेच भावाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. भाऊ कुठल्यातरी मीटिंगमधून बाहेर आला असावा, हळू बोलत होता. "ताई, अगं करू दे त्याला काम. किती दिवस ते धूड पडून राहणार? तू काय करणार आहेस त्याचं?"

"टेबल," मी म्हटलं.

पलीकडे तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाचं ऐकून हसावं तसं. "टेबल ना? ऑनलाइन मागवतो. आठवड्यात घरपोच येईल."

आता व्यापारीही मोकळेपणाने हसला. त्या हसण्याची चीड मला आजही तशीच आहे. झाड गेलं म्हणून नव्हे, त्या दोन पुरुषांचं मला डावलून एकमत झालं म्हणून.

शेजारच्या वैनी कुंपणापलीकडून हे बघत होत्या. त्यांची भाताची खाचरं आमच्या परसाला लागून आहेत. नवरा कामासाठी नाशिककडे असतो, शेत त्या एकट्या बघतात. त्या कपबशी घेऊन आल्या. मला वाटलं, माझी समजूत काढायला आल्या. त्यांनी चहा माझ्या हातात दिला, लुगडं सावरलं आणि माझ्या शेजारी बुंध्यावर बसल्या. व्यापाऱ्याला म्हणाल्या, "आता दोगींवर चालिव तुजं म्हशीन."

तो बडबडत निघून गेला. जे कापलं होतं ते घेऊन गेला. मागे राहिला आठ फुटांचा बुंधा आणि उपटलेली मुळं.

बुंधा वखारीत नेऊन फळ्या पाडायच्या तर वाहतुकीचा परवाना लागतो, असं कळलं. वादळात पडलेलं झाड, त्याचा पंचनामा मी रीतसर करून घेतला. मग परवान्यासाठी वनखात्याच्या कचेरीत चकरा सुरू झाल्या. दर वेळी अर्धी रजा, दर वेळी एसटी. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा उताऱ्याची प्रत जुनी निघाली. तिसऱ्यांदा तिथला कारकून कागदांकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? मिस्टरांना पाठवा."

"मिस्टर नाहीत."

"मग भावाला पाठवा."

व्यापाऱ्याचा टेम्पो भरदिवसा गावातून गेला होता. त्याच्याकडे कुठला परवाना होता, हे मी विचारलं. कारकुनाने कानाला पेन लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मी चिडून म्हटलं, "मी हे लाकूड कुठे नेलंच नाही, माझ्या परसातच फळ्या पाडल्या, तर लागतो का परवाना?"

"घरच्या वापराला? त्याला वाहतुकीचा परवाना कशाला? पाडा की." मग शेजारच्या टेबलाकडे बघत म्हणाला, "कशाने पाडणार, विळीने?"

त्या खोलीत चार माणसं होती. चारही हसली.

पुढच्या रविवारी मी संगमनेरला शेतीअवजारांच्या दुकानात गेले. आमच्या शाळेतले एक गुरुजी फवारणीचा पंप घ्यायला निघाले होते, त्यांच्या गाडीवरून. मी दुकानदाराला सांगितलं, चेनसॉ मशीन दाखवा, मला बुंध्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या आहेत. दुकानदाराने मशीन काढलं आणि गुरुजींच्या हातात दिलं.

"सर, ताईंना याचं वजन झेपायचं नाही."

गुरुजी भला माणूस. म्हणाले, "मला काय सांगता? मला सायकलची चेन चढवता येत नाही. घेणाऱ्या त्या आहेत."

तरी पुढची सगळी माहिती तो गुरुजींनाच देत राहिला. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं, चेनला तेल कुठून सोडायचं, ब्रेक कुठे असतो. मी मध्ये प्रश्न विचारायचे आणि उत्तर गुरुजींना मिळायचं. शेवटी मी म्हटलं, "मला चालू करून बघू द्या." दोरी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. दुकानदाराच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. चौथ्यांदा मशीन सुरू झालं आणि गुरुजी दोन पावलं मागे सरकले.

मी विचारलं, "लांबीत कापायला वेगळी चेन लागते ना?" तो म्हणाला, "असं काही नसतं, ताई. कापायचं म्हणजे कापायचं." हे त्याने माहीत नसताना ठणकावून सांगितलं. लागते. लाकडाच्या धाग्याच्या दिशेने कापायला चेनचे दात वेगळ्या कोनात घासलेले असावे लागतात. हे मला पुढे कळलं, आणि कळेपर्यंत माझ्या खांद्यांची वाट लागली.

भाताची कापणी, झोडणी होईपर्यंत थांबले. कारण वैनींनी सांगून ठेवलं होतं, "बाई, एकलीनं करू नगा. आमचं भात घरात आलं की मी येते." तोवर मी रोज संध्याकाळी मशीनची ओळख करून घेत होते. कुंपणाच्या झाडांच्या बारक्या फांद्या कापायच्या, बंद करायचं, साफ करायचं. डोक्याला गुरुजींच्या गाडीचं हेल्मेट, काच खाली. पायात भातलावणीचे गमबूट. कानात कापसाचे बोळे. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबायचे. कोणी म्हणायचं, बाईंचं डोकं फिरलं. कोणी म्हणायचं, जपून हो बाई. एकानेही असं विचारलं नाही की त्या व्यापाऱ्याने तुमचं झाड का नेलं.

डिसेंबरमध्ये, शनिवारी सकाळची शाळा करून आले आणि आम्ही सुरुवात केली. बुंधा पाचरी ठोकून हलणार नाही असा केला. वर सरळ लोखंडी शिडी बांधली, म्हणजे पहिला काप वाकडा जाणार नाही. मशीनच्या पात्याला लावायची चौकट मागवून घेतली होती, ती शिडीवरून सरकवत न्यायची. एकदा एक बाजू सपाट झाली की पुढच्या फळ्यांना शिडी लागत नाही, त्या सपाटीवरूनच चौकट सरकते. सांगायला सोपं आहे. आठ फूट कापायला आम्हाला पहिल्या दिवशी दीड तास लागला. भुशाऐवजी नुसतं पीठ उडत होतं, चेन तापून धूर येत होता, फणसाचा चीक दातांना चिकटत होता. मी दर दोन फुटांवर थांबून कानशीने दात घासत होते. वैनी कापलेल्या फटीत मागून लाकडी पाचरी मारत येत होत्या, म्हणजे वरची फळी पात्यावर दबणार नाही.

"ह्यो दुकानवाला लबाड हाय," वैनी म्हणाल्या. "न्हाईतर त्याला काय येत न्हाई."

रात्री मोबाईलवर बघून चेनची भानगड समजली. सोमवारी दुकानात फोन केला. तो म्हणाला, "सरांना द्या ना फोन." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. पंधरा दिवसांनी योग्य चेन आली, आणि तिने तेवढाच काप वीस मिनिटांत झाला. दीड तासाच्या जागी वीस मिनिटं! माणसाने एक साधा प्रश्न नीट ऐकला असता तर.

सहा फळ्या निघाल्या. पहिली आम्ही दोघींनी मिळून उलटली. आतला गाभा हळदीसारखा पिवळा, मध्ये तांबूस रेघा. वैनींनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "आन् त्यो ह्ये चुलीत घालणार हुता."

पुढे वर्षभर थांबणं. फळ्यांच्या टोकांना दाराचा उरलेला ऑइलपेंट लावला, म्हणजे टोकाकडून चिरा पडत नाहीत. पडवीत एकावर एक रचल्या, प्रत्येक दोहोंत सारख्या अंतरावर पट्ट्या, वारा खेळावा म्हणून, आणि सगळ्यावर दगड. एक छोटा तुकडा बाजूला ठेवला होता. तो मी दर महिन्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करायला न्यायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. दुकानदार दर वेळी विचारायचा, "बाई, कसली साबणवडी आणली?" पुढचा पावसाळा सरल्यावर वजन हलेनासं झालं.

मग रंधा. हातरंध्याने दोन दिवस केलं, मग विजेचा रंधा आणला. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. रोज शाळेतून आल्यावर तासभर. नाकाला ओढणी बांधूनही घशात पिवळी धूळ जायची. दोन फळ्या जोडून वरचा भाग केला. कडेच्या उरलेल्या तुकड्यांचे पाय केले, पण त्यांचे सांधे मला जमेनात, ते आमच्याच अकोले तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून करून घेतले. त्याने मात्र फळ्या बघितल्या, बोटाने जाडी मापली आणि मला विचारलं, "चेन कुठली वापरली?" एवढ्या सगळ्या प्रकरणात मला कामाचं काहीतरी विचारणारा तो पहिला पुरुष. शेवटी फडक्याने जवसाचं तेल लावलं, चार हात, प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस वाळवून. हळदीचा पिवळा मधाकडे झुकला. पहिल्या संध्याकाळी मी त्यावर चौथीच्या वह्या तपासल्या. पाठ ताठ ठेवून वह्या तपासता येतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

गेल्या मे महिन्यात भाऊ चार दिवस आला. टेबलाभोवती फिरला, खाली वाकून पाय बघितले, फोटो काढले. खरंच खूश झाला होता. "ताई, मस्त झालंय गं! शोरूममध्ये असलं मिळत नाही." मला बरं वाटलं. मग तो पडवीत गेला. तिथे उरलेल्या चार फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"या मी नेतो," तो म्हणाला. "हॉलमध्ये टीव्हीखाली एकदम शोभतील. आपल्याच झाडाच्या आहेत ना."

मला वाटलं होतं माझा राग निवला असेल. तो तिथेच होता, फळ्यांसारखा वाळून कडक झालेला.

"तुझा वाटा टेम्पोतून गेला," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तू माझं झाड मला न विचारता दिलंस."

"ते अजून डोक्यात आहे? एका लाकडासाठी इतकं?"

"लाकडासाठी नाही. त्याने तुला फोन केला, तू मला का केला नाहीस?"

"तू शाळेत होतीस."

"शाळेत मधली सुट्टी असते."

तो फळीवरून बोट फिरवत म्हणाला, "अगं, तो मला विचारत होता. मला वाटलं हे असलं काम म्हणजे मीच..." आणि त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. मला त्याचं पुढचं वाक्य माहीत होतं. वडील गेल्यापासून गवंडी आला, वायरमन आला, मोजणीवाला आला, की मीच म्हणायचे, थांबा हं, भावाला विचारते. सवय त्याला एकट्याने लागली नव्हती. पण ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सुटला असता.

"एक फळी ने," मी शेवटी म्हटलं. "पण ती रंधून, घासून, तेल लावून इथेच तयार करायची. तू स्वतः."

त्याला ते मजेशीर वाटलं. दुसऱ्या दिवशी बनियन घालून अंगणात बसला. रंध्याचं त्याला जमलं, पण घासायला बसल्यावर अकरापर्यंत तळहाताला फोड आले. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, पाणी नेऊन दिलं फक्त. वैनी कुंपणापाशी आल्या, बघून म्हणाल्या, "भाऊ, उलट्या धाग्यानं घासताय." त्याने दिशा बदलली. दुपारी जेवायला बसला तेव्हा त्याला घास धड उचलता येत नव्हता. भात कालवताना फोडांना मीठ लागलं आणि तो हात झटकून म्हणाला, "ताई, अशा सहा फळ्या केल्यास तू?"

"टेबलाच्या दोन. बाकीच्या नुसत्या कापल्या आहेत."

तो हसला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसला. चौथ्या दिवशी तेलाचा पहिला हात लावून गेला आणि जाताना म्हणाला, "बाकीचे हात तू लावू नकोस. मी येऊन लावतो." ऑगस्टमध्ये एका शनिवारी तो खरंच आला, एकटाच, दुसरा हात लावला, आणि ओल्या हवेमुळे तेल वाळेना म्हणून सोमवारची रजा टाकून थांबला.

मी त्याला माफ केलं का, असं वैनींनी विचारलं. मी म्हटलं, त्याला केलं असेल. पण मशीनचा दुकानदार, कारकून, व्यापारी हे काही ऑगस्टमध्ये परत येऊन घासायला बसले नाहीत, आणि त्यांच्या हसण्याचं मी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.